स्टिअरिंगमागे बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर : शिकाऊ चालकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोटार चालवायला शिकणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक प्रश्न हातापायांविषयीचे आहेत : क्लच कसा सोडावा, स्टिअरिंग किती फिरवावे, ब्रेक किती दाबावा. उत्तरे लिहिताना मात्र मला पुन्हा पुन्हा डोळ्यांकडे वळावे लागले. चाचणीत नापास होणाऱ्यांपैकी अनेकांचे हातपाय पुरेसे तयार असतात. नजर वेळेवर पोहोचलेली नसते आणि त्यामुळे निर्णयाला उशीर होतो. परवान्याच्या अटी, वयोमर्यादा आणि चाचणीचे स्वरूप प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्यामुळे त्या बाबी वाचकांनी आपापल्या परिवहन कार्यालयाकडूनच समजून घ्याव्यात. येथे उत्तरे आहेत ती कोठेही लागू पडणाऱ्या गोष्टींची.

प्रश्न : पुढच्या आठवड्यापासून माझे शिकणे सुरू होत आहे. आजवर मी चालकाच्या जागेवर कधी बसलेली नाही. पहिल्या दिवसापूर्वी काही तयारी करता येईल का, की सगळे प्रशिक्षकांवर सोपवावे?

उत्तर : तयारी करता येते आणि ती जरूर करावी, कारण पहिल्या तासाचा बराच वेळ एरवी बसण्याची जागा जुळवण्यातच जातो. घरची किंवा ओळखीच्या कोणाची गाडी उभी असेल, तर इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढलेला आहे याची खात्री करून, चालकाच्या जागेवर निवांत बसा. आधी सीट पुढेमागे सरकवा : क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे, पाय ताठ होत असेल तर तुम्ही फार मागे आहात. मग पाठ जुळवा. पाठ पूर्ण टेकलेली असताना हात लांब केले, तर मनगटे स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकली पाहिजेत. म्हणजे प्रत्यक्ष स्टिअरिंग धरताना कोपर आपोआप वाकलेले राहते. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर असावे, कारण अपघातात एअरबॅग उघडते ती विलक्षण वेगाने आणि अगदी जवळ बसलेल्या माणसाला तिच्यामुळेच इजा होऊ शकते. डोक्यामागची उशी मानेच्या उंचीवर ठेवू नका, तिची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीत आणा. मागून धक्का बसला तर मान मागे झुकू न देणे हेच तिचे काम आहे. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर हवा.

आरसे सर्वांत शेवटी. हा क्रम मी मुद्दाम सांगत आहे, कारण आरसे आधी लावून नंतर सीट हलवली की सगळे आरसे चुकतात आणि नवख्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही. आतल्या आरशात मागची काच संपूर्ण दिसावी. बाहेरच्या आरशांत स्वतःच्या गाडीची अगदी बारीक पट्टी आणि मधोमध क्षितिज दिसले, म्हणजे आरसा जागेवर आला. बाहेरचे आरसे पुष्कळदा बहिर्वक्र असतात, त्यामुळे मागची गाडी त्यांत असते त्यापेक्षा लहान आणि म्हणून लांब भासते. तेच वाहन आतल्या सपाट आरशात पाहून दोन्ही अंतरांची तुलना करण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

डोळे तपासून घ्या. ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष चाचणीच्या सुरुवातीलाच उमेदवाराला २० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचायला सांगतात आणि ती वाचता आली नाही तर चाचणी तेथेच संपते. ही परीक्षा घरच्या घरी कोणालाही घेता येते. चष्मा लागत असेल, तर शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून तो डोळ्यांवर असू द्या. बूट पातळ आणि घट्ट तळव्याचे असावेत. जाड तळव्यातून पेडलचा प्रतिकार जाणवत नाही, आणि मोकळी चप्पल पेडलखाली अडकू शकते.

आणखी एक तयारी आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. दुसरे कोणी गाडी चालवत असताना शेजारी बसून, रस्त्यावर जे दिसते ते बोलत राहा : ‘पुढे चौक आहे, सिग्नल बराच वेळ हिरवा आहे म्हणजे आता बदलेल, डावीकडे उभ्या गाडीचे पुढचे चाक वळलेले आहे, ती निघेल, फुटपाथवर मुलगा चेंडू घेऊन उभा आहे.’ सुरुवातीला तुमचे बोलणे घटनेच्या मागून येईल. काही दिवसांत ते घटनेच्या आधी येऊ लागले की तुमची अर्धी तयारी झाली असे खुशाल समजा. त्यासाठी परवाना लागत नाही आणि इंधनही खर्च होत नाही.

प्रश्न : क्लच सोडताना माझी गाडी दर वेळी झटका देऊन बंद पडते. ‘हळू सोड’ असे सगळे सांगतात. मी हळूच सोडतो, तरीही हेच होते. मागे गाड्या उभ्या असल्या की मग काहीच सुचत नाही.

उत्तर : तुमची चूक बहुधा सुरुवातीला होत नसून शेवटी होते. ते का, हे समजण्यासाठी आत काय चालते ते पाहू. इंजिन नुसते चालू असते तेव्हाही मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते आणि त्याहून फार कमी फेऱ्यांवर ते चालूच राहू शकत नाही. उलट, उभ्या गाडीची चाके शून्यावर असतात. फिरणाऱ्या इंजिनाची आणि थांबलेल्या चाकांची गाठ घालून देण्याचे काम क्लचचे आहे : पेडल पूर्ण दाबलेले असताना इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि चाकांकडे जाणारी क्लच प्लेट एकमेकांपासून अलग असतात, पेडल वर येऊ लागले की दोन्ही घासू लागतात, आणि घासत घासत त्यांचा वेग जुळला की एकत्र फिरतात. वेग जुळण्यापूर्वीच पेडल सोडून दिले, तर थांबलेली चाके इंजिनाला ओढून खाली आणतात आणि इंजिन गचकन बंद पडते.

बहुतेक शिकाऊ चालक पेडल अर्ध्यापर्यंत अगदी जपून सोडतात. गाडी हलली की त्यांना हायसे वाटते, काम झाले असे समजून ते उरलेला पाय एकदम उचलतात, आणि नेमके तेथेच घोटाळा होतो. गाडी हलली म्हणजे वेग जुळला असे नाही. गाडी हलल्यावर पाय आहे तेथेच धरून मनात ‘एक, दोन’ मोजा आणि मगच उरलेले पेडल सोडा. एवढ्या एका बदलाने पुष्कळांची गाडी बंद पडायची थांबते.

सरावासाठी सपाट, मोकळी जागा निवडा. टाच जमिनीला टेकवून, पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला अजिबात स्पर्श न करता क्लच इतका सावकाश सोडा की कागदाची जाडी मोजत आहोत असे वाटावे. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज खोल जाईल, गाडीच्या अंगात बारीक थरथर जाणवेल आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे होईल. हाच तो ‘हाफ क्लच’. तेथे थांबा, पुन्हा पूर्ण दाबा, पुन्हा त्याच जागी या. डोळे पुढे ठेवून, पायाकडे न पाहता ही जागा सापडू लागेपर्यंत पुढचे काही शिकण्याची घाई करू नका. प्रत्येक गाडीत ही जागा थोडी वर किंवा खाली असते, म्हणून अनोळखी गाडीत बसल्यावर निघण्यापूर्वी ती एकदा शोधून घ्यावी.

चढावर मागे घसरण्याच्या भीतीने पुष्कळ जण हाफ क्लचवरच गाडी तोलून धरतात. त्यात प्लेट सतत घासत राहते, तापते, आणि जळका वास येतो. तो वास म्हणजे प्लेट झिजत असल्याची खूण. चढावर थांबायचे तर हँडब्रेक ओढा. निघताना हाफ क्लचवर या, थोडी रेस द्या, गाडी पुढे जाऊ पाहते पण हँडब्रेकने अडली आहे असे जाणवले की हँडब्रेक सोडा. मागे वाजणाऱ्या हॉर्नमुळे क्लचची जागा बदलत नाही. गाडी बंद पडलीच तर ब्रेक दाबा, न्यूट्रल करा, आरसा पाहा, पुन्हा सुरू करा. यास काही सेकंद लागतात आणि मागच्या चालकाने तेवढे थांबणे हे त्याचे कर्तव्य आहे.

प्रश्न : माझी गाडी सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे डुलते. प्रशिक्षक म्हणतात, ‘लांब पाहा.’ पण मी लांब पाहू लागले तर समोरचे खड्डे कसे दिसणार?

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमची शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र अपेक्षेच्या उलट आहे.

नवखे आणि अनुभवी चालक नेमके कोठे पाहतात याचा अभ्यास रोनाल्ड मोरांट आणि थॉमस रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी १९७२मध्ये प्रसिद्ध केला. चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्यावर असे दिसले की नवख्यांची नजर गाडीच्या जवळच्या, लहानशा भागात अडकून राहते आणि आरशांकडे ते कमी वळतात; अनुभवी चालकांची नजर लांब आणि रुंद फिरते. पुढे १९९४मध्ये मायकल लँड आणि डेव्हिड ली यांनी वळणावरचा अभ्यास केला. वळण घेताना चालकाची नजर बराच वेळ वळणाच्या आतल्या कडेवरील अशा बिंदूवर असते, जेथे ती कड आपल्या दिशेने फुगलेली दिसते. त्या बिंदूकडे पाहिल्याने वळण किती तीव्र आहे याचा अंदाज येतो आणि हात त्याप्रमाणे स्टिअरिंग फिरवतात. अनुभवी माणसाला हे कोणी शिकवलेले नसते; त्याला ते सवयीने जमते. शिकाऊ माणसाने ते जाणून घेऊन करावे.

आता गाडी डुलते ती का, ते पाहा. बॉनेटच्या टोकाशी पाहिले की गाडी रेषेपासून वीतभर सरकलेलीही मोठी चूक वाटते. तुम्ही ती लगेच दुरुस्त करता. त्या दुरुस्तीचा परिणाम दिसायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही आणखी थोडे वळवता, मग गाडी दुसऱ्या बाजूला जाते, मग उलटी दुरुस्ती. म्हणजे रस्ता सरळच असतो, डुलतात ते हात, आणि हातांना डुलवते ती जवळची नजर. लांब पाहिले की गाडीची दिशा दिसते, आणि दिशा दिसत असेल तर हात स्थिर राहतात. जवळचा रस्ता, लेनची रेषा, फुटपाथची कड हे सारे नजरेच्या खालच्या कडेला दिसतच राहते. त्यासाठी वेगळे पाहावे लागत नाही.

आणि खड्डे? ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. बॉनेटच्या पुढे पाच-सहा मीटरवर दिसलेला खड्डा अर्ध्या सेकंदाच्या आत चाकाखाली येणार. एवढ्या वेळात पाय ब्रेकपर्यंतही पोहोचत नाही. फार तर तुम्ही दचकून स्टिअरिंग ओढाल, आणि ते खड्ड्यापेक्षा घातक आहे. तोच खड्डा शंभर मीटरवरून दिसला, तर आरसा पाहून, वेग कमी करून, शांतपणे बाजूने जाता येते. तेव्हा खड्डे दिसावेत यासाठीच लांब पाहायचे असते.

सराव असा करा : रिकाम्या सरळ रस्त्यावर कमी वेगाने जाताना, रस्ता जेथे संपल्यासारखा दिसतो तेथे नजर ठेवा. काही सेकंदांनी आतला आरसा, पुन्हा लांब, मग वेगदर्शक काटा, पुन्हा लांब. नजर कोठेही गेली तरी परत लांबवर आली पाहिजे. आरशात टक लावू नये. मागे काय आहे एवढे कळले की पुरे.

प्रश्न : माझे पती मला गाडी शिकवतात. स्वभावाने ते शांत आहेत, पण गाडीत बसले की ओरडतात आणि माझे हात कापू लागतात. प्रशिक्षण केंद्रात जाणे हाच मार्ग आहे का?

उत्तर : पायाभूत गोष्टी प्रशिक्षित माणसाकडून शिकाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. प्रशिक्षणाच्या गाडीत बहुधा प्रशिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. तुमच्या पतींकडे तो नाही, म्हणून त्यांच्याजवळ केवळ आवाज उरतो. त्यांचे ओरडणे बहुतांशी भीतीतून येत असावे. मात्र दोन तासांच्या मधल्या दिवसांत त्यांच्यासोबत केलेला सराव फार उपयोगी आहे. तो सोडू नका, त्याची रीत बदला.

निघण्यापूर्वीच, गाडी उभी असताना, आज कोठे जायचे आणि कशाचा सराव करायचा हे दोघांनी ठरवून घ्या. एका वेळी एकच गोष्ट घ्या. सूचना आधी मिळाली पाहिजे : वळण येऊन ठेपल्यावर ‘इकडे, इकडे’ म्हणण्यात अर्थ नाही, पुढच्या चौकात कोणत्या बाजूला वळायचे हे मागच्या चौकातच सांगावे. ‘सोड, सोड’ ही सूचना तर बंदच करावी. तीन पेडलांपैकी कोणते सोडायचे हे शिकणाऱ्याला कळत नाही आणि घाबरून भलतेच सुटते. संकटासाठी एकच शब्द ठरवा, उदाहरणार्थ ‘ब्रेक’, आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. चूक झाली तर चालत्या गाडीत चर्चा नको. सुरक्षित जागी बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, मगच बोलावे. आणि ‘आज पुरे’ असे म्हणण्याचा अधिकार दोघांनाही असावा. असे म्हटल्यावर समोरच्याने कारण विचारू नये.

हे मधले सराव छोटे आणि वारंवार असावेत. सलग शिकण्यापेक्षा अंतराअंतराने शिकलेले अधिक टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच स्मरणशक्तीच्या प्रयोगांतून दाखवले होते, आणि शारीरिक कौशल्यांबाबतही तसाच अनुभव येतो. रविवारी सलग चार तास चालवून थकण्यापेक्षा आठवड्यात चार दिवस थोडा थोडा सराव करावा.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीवर शिकावे की गिअरच्या?

उत्तर : पुढे तुम्ही कोणती गाडी चालवणार आहात, यावर ते ठरवा. ब्रिटनसह काही देशांत ऑटोमॅटिकवर चाचणी दिली तर परवानाही ऑटोमॅटिकपुरताच मिळतो, म्हणून आपल्या ठिकाणचा नियम आधी पाहावा. ज्यांना क्लचनेच हैराण केले आहे आणि ज्यांच्या घरात ऑटोमॅटिक गाडीच आहे, त्यांनी तिच्यावर शिकण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. हातापायांचे काम कमी झाल्याने रस्त्याकडे लक्ष द्यायला अधिक वाव मिळतो. एक मात्र पक्के लक्षात ठेवा : ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही पेडलांसाठी उजवाच पाय वापरायचा.

प्रश्न : लेखी परीक्षेसाठी चिन्हे आणि अंतरांचे आकडे पाठ करावे लागतात. चिन्हांचा गोंधळ होतो आणि आकडे तर निरुपयोगी वाटतात. ब्रेक लावताना कोण मीटर मोजते?

उत्तर : चिन्हे एकेक करून पाठ करू नका, आधी आकार आणि रंग यांची भाषा समजून घ्या. जगातील बऱ्याच देशांची चिन्हे १९६८च्या व्हिएन्ना कराराच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहेत : लाल कडेचे वर्तुळ मनाई सांगते, निळे वर्तुळ काय केलेच पाहिजे ते सांगते, टोक वर असलेला लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो आणि चौकोनी फलक माहिती देतो. ‘थांबा’चा फलक अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’चा त्रिकोण उलटा असतो. असे आकार दुसऱ्या कोणत्याही फलकाला दिलेले नसल्याने हे दोन फलक धुळीने माखलेले असोत की पाठमोरे असोत, नुसत्या बाह्यरेषेवरूनही ओळखता येतात. एवढा सांगाडा मनात बसला की आतले चित्र बहुधा स्वतःच बोलते. रोज जाण्या-येण्याच्या रस्त्यावरचे फलक ओळखत गेलात, तर पुस्तकाची पाने कमी उलटावी लागतील.

आकड्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ब्रेक लावताना कोणी मीटर मोजत नाही हे खरे. पण किती वेगाने जायचे हे ठरवताना ते आकडे डोक्यात असावे लागतात. समोर काही आले हे डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसाचाही सुमारे एक सेकंद जातो, पुष्कळदा अधिक. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने धावत असते. ताशी ५० किलोमीटर वेगाला हे अंतर सुमारे १४ मीटर. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून थांबायला आणखी साधारण १४ मीटर, म्हणजे एकूण २८. आता वेग ताशी ६० धरा. विचारात गेलेले अंतर सुमारे १७ मीटर होते आणि ब्रेकचे २०. एकूण ३७.

नऊ मीटरचा फरक, एवढेच ना, असे वाटेल. पण असे पाहा : दोन सारख्या गाड्या शेजारून जात आहेत, एक ५० वेगाने, दुसरी ६०. एकाच क्षणी दोघींच्या पुढे २८ मीटरवर मूल धावत आले, आणि दोन्ही चालकांनी सारख्याच तत्परतेने ब्रेक दाबला. पहिली गाडी मुलाजवळ येऊन थांबते. दुसरी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजूनही ताशी ४० किलोमीटरच्या आसपास असतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते, कारण गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्ता ओला असेल तर हेच अंतर सुमारे दुपटीपर्यंत जाऊ शकते. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून पाहा, परीक्षेत ते विसरणार नाही आणि रस्त्यावरही आठवेल.

पुढच्या गाडीपासूनचे अंतर मात्र मीटरमध्ये ठरवू नका, सेकंदात ठरवा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी पोहोचेपर्यंत किमान दोन सेकंद जायला हवेत, पावसात चार.

प्रश्न : पुढे चालवणे जमते, पण गाडी मागे घेताना स्टिअरिंग कोणत्या बाजूला फिरवायचे याचा दर वेळी घोळ होतो.

उत्तर : मागे जाताना पुढच्या चाकांचा विचार करू नका, गाडीच्या मागच्या टोकाचा करा. मागचे टोक ज्या बाजूला न्यायचे, त्याच बाजूला स्टिअरिंगचा वरचा भाग फिरवायचा. घोळ होतो तो गाडी वेगात असते म्हणून. हाफ क्लचवर गाडी अगदी सरपटत ठेवा आणि स्टिअरिंग झटपट फिरवा. शिकाऊ चालक पुष्कळदा याच्या उलट करतात. मागचे टोक एका बाजूला वळत असताना गाडीचे नाक दुसऱ्या बाजूला बरेच बाहेर येते, म्हणून मागे पाहता पाहता पुढच्या कोपऱ्यांकडेही नजर टाकावी. मागे घेण्यापूर्वी आरसे पाहूनही जो भाग दिसत नाही तो मान वळवूनच पाहावा लागतो. मागचा कॅमेरा असला तरी, कारण कडेने येणारा माणूस त्यात उशिरा दिसतो. चाचणीत आठचा आकडा असो, इंग्रजी एस असो वा समांतर पार्किंग, दिशा चुकली असे वाटले की थांबा. थांबण्याने फारसे बिघडत नाही, अंदाजाने पुढे रेटल्याने बिघडते.

प्रश्न : वयाच्या ५८व्या वर्षी गाडी शिकायला घेणे वेडेपणाचे ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. तरुणांपेक्षा तुम्हाला अधिक तास लागतील, हे गृहीत धरा आणि तेवढे तास मोकळेपणाने घ्या. रस्त्यावर पायी किंवा सायकलवर काढलेल्या वर्षांत लोक कसे वागतात याचे जे ज्ञान तुमच्यापाशी साठले आहे, ते अठरा वर्षांच्या मुलापाशी नसते. डोळ्यांची तपासणी करून घ्या, मान दोन्ही बाजूंना नीट वळते का ते पाहा, आणि रोजच्या औषधांपैकी एखादे झोप आणणारे आहे का हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी दोनदा चाचणीत नापास झालो आहे. सरावात सगळे येते, परीक्षक शेजारी बसले की हात थरथरतात. एका मित्राने मन शांत करणारी गोळी घेण्याचा सल्ला दिला आहे. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. मन शांत करणाऱ्या बऱ्याच गोळ्या प्रतिसादही मंद करतात, झोप आणतात. अशी गोळी घेऊन वाहन चालवणे धोक्याचे आहे आणि अनेक ठिकाणी तो गुन्हाही आहे. सर्दीच्या काही गोळ्यांनाही हेच लागू आहे. तुमची अस्वस्थता खरोखरच असह्य असेल तर डॉक्टरांशी बोला, मित्राच्या सल्ल्याने काही घेऊ नका.

मला वाटते, दोन्ही वेळा नेमके कशामुळे नापास झालात हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि तेथूनच सुरुवात करायला हवी. परीक्षकांनी दिलेला कागद असेल तर तो काढा. नसेल तर प्रशिक्षकांबरोबर बसून चाचणी टप्प्याटप्प्याने आठवा. ‘मी घाबरलो’ हे कारण नव्हे. घाबरून तुम्ही काय केलेत, किंवा काय करायचे राहिले? आरसा न पाहता लेन बदललीत? चौकात आडव्या रस्त्याकडे पाहायचे राहिले? वेग इतका कमी ठेवलात की मागची वाहतूक अडली? कारण एकदा नावानिशी कळले की त्याचा सराव करता येतो. नुसते ‘चाचणी’ म्हणून बसलेल्या भीतीचा सराव करता येत नाही.

दुसरे, चाचणीसारखा सराव करा. तुम्हाला ओळखत नसलेल्या एखाद्या प्रशिक्षकाला शेजारी बसवा, अनोळखी रस्त्यावर न्यायला सांगा, आणि शेवटपर्यंत त्याने मदतीचा एक शब्दही बोलू नये असे ठरवा. शिकवताना प्रशिक्षक नकळत इतक्या सूचना देतात, की त्या थांबल्यावर उमेदवाराला एकदम पोरके वाटते. ते पोरकेपण चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवण्याची वेळ येऊ नये. आरसे पाहताना नुसते डोळे न हलवता मान थोडी वळवा. तुम्ही पाहिलेत हे परीक्षकाला दिसल्याशिवाय त्याने तरी त्याची नोंद कशी करावी?

चाचणीच्या दिवशी सगळी कागदपत्रे आदल्या रात्रीच एकत्र करून ठेवा. जिच्यावर सराव केला तीच गाडी न्या आणि तिचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, टायर सकाळी तपासून घ्या. शक्य असेल तर चाचणीपूर्वी थोडा वेळ गाडी चालवून हात मोकळे करा. सूचना कळली नाही तर ‘कृपया पुन्हा सांगता का?’ असे विचारा. त्याचे गुण कापले जात नाहीत. वाट चुकली तरी चुकलेल्या वाटेवर नीट चालवलेत तर सहसा बिघडत नाही, पण शेवटच्या क्षणी वळण गाठण्यासाठी स्टिअरिंग ओढलेत तर बिघडते. एक चूक झाली की बहुतेक जण तिच्याच विचारात अडकतात आणि दुसरी करतात. ती चूक मोजायची की नाही हे परीक्षक ठरवतील. तुमचे काम पुढच्या शंभर मीटरचे आहे.

प्रश्न : मुलीला नुकताच पक्का परवाना मिळाला. आता तिला एकटीला गाडी द्यायला हरकत नाही ना? ती मैत्रिणींबरोबर रात्री बाहेर जायचे म्हणते आहे.

उत्तर : अभिनंदन, पण रात्रीच्या त्या बेताबाबत थोडे थांबा असे मी सांगेन. एकट्याने चालवू लागल्यानंतरचे पहिले काही महिने अपघाताच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात, आणि तरुण चालकाच्या गाडीत समवयस्क मंडळी बसली की ती जोखीम वाढते. न्यूझीलंडने १९८७मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली, तिच्यात नव्या चालकाला रात्री उशिरा एकट्याने चालवण्यावर आणि सोबत इतरांना बसवण्यावर काही काळ बंधने होती; पुढे अनेक देशांनी तशी पद्धत स्वीकारली. तुमच्याकडे असा नियम नसला तरी घरापुरता तो करता येईल, आणि मुलीशी बोलून तिच्या संमतीने केलात तर तो पाळलाही जाईल.

चाचणी बहुधा दिवसा आणि चांगल्या हवेत होते. त्यामुळे परवाना मिळालेल्या पुष्कळांनी पावसात किंवा अंधारात कधी गाडी चालवलेलीच नसते. पहिले काही रात्रीचे फेरे तुम्ही शेजारी बसून करून घ्या. पुढच्या काचा आणि चष्मा स्वच्छ हवेत, कारण त्यांवरचा तेलकट थर समोरच्या दिव्यात चमकतो आणि त्यामागचा माणूस दिसत नाही. समोरून येणाऱ्या दिव्यांकडे न पाहता आपल्या बाजूच्या कडेवर नजर न्यायला तिला शिकवा. डीपरवर, म्हणजे दिवा खाली केलेला असताना, रस्ता साधारण ४० ते ६० मीटरच नीट उजळतो, आणि ताशी ८० वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावरही थांबायला सुमारे ५७ मीटर घेते. म्हणून अंधाऱ्या रस्त्यावर डीपरवर जाताना तिने वेग ६०च्या आत ठेवावा आणि पाऊस असेल तर त्याहूनही कमी.